नळीवरचं कडं

"सत्तावीस," मी म्हणाले. "फिरव."

कुमुद दुर्बिणीवरचा डोळा न काढताच म्हणाली, "आता बास की उज्जू. बोटं गारठली माझी."

"बोल्ट उघडा आहे, गोळी सुटणार नाही. फिरव म्हटलं ना."

ती कुरकुरत उठली. माझ्या डाव्या बाजूनं वाकून तिनं रायफलीच्या नळीच्या तोंडाशी बसवलेलं स्टीलचं कडं एक रेघ पुढं सरकवलं आणि परत दुर्बिणीमागे जाऊन बसली. मी चटईवर पालथी, डाव्या दंडाला आवळलेला पट्टा, गाल रायफलीच्या लाकडावर. एकेक करून पाच गोळ्या मारल्या. पन्नास मीटरवरच्या कार्डावर काय झालं ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हतं. मागून काहीच आवाज येईना म्हणून मी ओरडले, "अगं सांग की!"

"एकच भोक दिसतंय," कुमुद म्हणाली. "पाची गोळ्या एकातच गेल्यात."

मी पट्ट्यातून हात कसाबसा सोडवला आणि पळत जाऊन कार्ड काढून आणलं. भोक कसलं, करंगळीच्या नखाएवढं छिद्र होतं. त्याखाली मी पेन्सिलीनं २७ लिहिलं आणि भोवती दोनदा गोल केला. मला नाचावंसं वाटत होतं.

ही गोष्ट १९९९ च्या जानेवारीतली. कोल्हापूरबाहेरच्या आमच्या रेंजवर क्लबची एकच धड रायफल होती आणि झोपून नेम मारणाऱ्या आम्ही दोघीच बायका होतो. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. कुमुद चौगुले कागलच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. रायफल आम्ही वार लावून वापरायचो आणि रविवारी दोघी एकत्र यायचो. तीन आठवड्यांनी पुण्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. बायकांच्या संघात तिघींची जागा. आदल्या वर्षी माझी जागा एका गुणानं हुकली होती आणि तो एक गुण वर्षभर माझ्या डोक्यात खडे मारत होता.

कुमुदचं प्रकरण माझ्यापेक्षा अवघड होतं. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सासऱ्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या वर्षी संघात नाव आलं तर पुढं बघू. न्हाईतर ते ठो-ठो बंद." नवरा बरा होता, पण वडिलांपुढं त्याचं तोंड उघडायचं नाही. म्हणजे मला हवी होती ती जागा आणि तिला हवी होती ती पुढची सगळी वर्षं. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

आता त्या कड्याबद्दल. गोळी सुटताना नळी थरथरते. डोळ्यांना दिसत नाही, पण थरथरते. नळीच्या तोंडाशी एक लहानसं वजन बसवलं आणि ते रेघ-रेघ मागंपुढं करत गेलं, की त्या थरथरीत एक अशी जागा सापडते म्हणतात, जिथं प्रत्येक गोळी नळीतून बाहेर पडताना नळीचं तोंड त्याच ठिकाणी असतं. मग गोळ्या एकमेकींच्या अंगावर जाऊन पडतात. परदेशी नेमबाज असलं कडं वापरतात हे मी एका मासिकात वाचलं होतं. काही जणांचा त्यावर ठाम विश्वास होता, काही जण म्हणायचे की हा सगळा मनाचा खेळ आहे. मी पहिल्या पक्षात जाऊन बसले, कारण गेल्या वर्षीचा दोष मला कुणावर तरी ढकलायचाच होता आणि रायफल बिचारी उलट बोलत नाही.

मासिकातलं चित्र घेऊन मी उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींकडे गेले. त्यांचं लेथ म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या अडल्यानडल्यांचा दवाखाना. त्यांनी चार दिवसांत कडं करून दिलं. आटे पाडलेलं एक वजन, त्यावर चकचकीत कडं, कड्यावर कोरलेल्या पन्नास बारीक रेघा आणि आकडे. इतकं सुबक की मी ते दोन दिवस पर्समध्येच घेऊन हिंडले.

खरी अडचण गोळ्यांची होती. प्रत्येक रायफलीला एखाद्याच लॉटच्या, म्हणजे एका वेळी बनवलेल्या, गोळ्या मानवतात. दुसऱ्या लॉटच्या दिसायला तशाच, पण कार्डावर विखरून पडतात. त्या वर्षी आमच्या रायफलीला मानवणाऱ्या लॉटची एकच पेटी क्लबला मिळाली होती. पाचशे गोळ्या. अडीचशे तिच्या, अडीचशे माझ्या.

"कड्याचा नंबर दोघींच्या कामाला येणार," मी कुमुदला म्हणाले होते. "तपासायला गोळ्या दोघींच्या जाऊ देत."

"आणि सरावाला?"

"नंबर सापडला की सराव कमी लागेल."

ती हो म्हणाली. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, त्यात बी.एस्सी. माझं बोलणं तिला खरं वाटायचं.

पन्नास रेघा, प्रत्येक रेघेला पाच गोळ्या. अडीचशे त्यातच गेल्या. पन्नास कार्डं मी घरी भिंतीला टाचणीनं लावली, आणि त्या सगळ्यांत सत्तावीस उठून दिसत होतं. पुढच्या रविवारी मी सत्तावीस परत मारून बघितलं. पाचांचा जुडगा छान आला. पुन्हा मारलं, बरा आला. तिसऱ्यांदा मारलं आणि गोळ्या चार दिशांना पांगल्या.

"तू खोकलीस," मी कुमुदला म्हणाले.

"मी? कधी?"

"तिसऱ्या गोळीला."

"खोकले असेन बाई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "उज्जू, एक सांगू? चिडू नको. एका भाकरीवरनं तव्याची परीक्षा करतीस तू. पाच गोळ्या कधी जवळ पडत्यात, कधी लांब. एकदा असं करू. मी कडं फिरवते आणि कुठल्या नंबरवर हाय ते तुला सांगतच नाही. तू नुसतं मार. मग बघू, सत्तावीस तुला ओळखू येतंय का."

"शाळेतल्या पोरांचे खेळ आहेत का हे?" मी म्हणाले.

तिनं परत दुर्बिणीला डोळा लावला. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि ते बरोबर आहे म्हणूनच मला राग आला होता. प्रयोगशाळेत कुणी मला असं सुचवलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. पण सत्तावीस हा माझा आकडा झाला होता. गोळ्या जवळ पडल्या की कड्याची करामत, लांब पडल्या की माझा श्वास, वारा, नाहीतर कुमुदचा खोकला. एक्केचाळीसच्या रेघेवरही एक झकास जुडगा आला होता. त्या कार्डाकडं मी वळूनही बघितलं नाही.

चाचणीच्या आदल्या रविवारी पेटी उघडली तर दोन पाकिटं आणि वर दहा सुट्या गोळ्या उरल्या होत्या. एकशे दहा. चाचणीला साठ गोळ्या मोजायच्या, त्याआधी अंदाज घ्यायला पंधरा-वीस. म्हणजे एकीचं नीट भागणार होतं. दुसरीला पहिला निम्मा डाव चांगल्या गोळ्यांनी आणि उरलेला क्लबच्या शिकाऊंसाठी ठेवलेल्या जुन्या गोळ्यांनी मारावा लागणार होता.

कुमुद पेटीकडं बघत बसली. "मधेच लॉट बदलला की नेम सरकतोय," ती म्हणाली. "त्यापेक्षा एकीनं सगळा डाव ह्यांनी मारावा, दुसरीनं सगळा जुन्यांनी."

"हो," मी म्हणाले.

"तू मार. तुझं गेल्या वर्षी एकानं गेलंय."

मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. "आणि सत्तावीस हाय की माझ्या मदतीला. त्यानं जुन्याबी जरा सुधारतील."

वरच्या तीस गोळ्याही मीच पिशवीत टाकल्या. तिनं त्या मागितल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

चाचणीत पहिल्या तुकडीत माझं नाव होतं, दुसरीत तिचं. दोघींना मैदान एकच, रायफल एकच, कडं सत्तावीसवर. माझे सहाशेपैकी पाचशे एक्क्याण्णव झाले. आयुष्यात तेवढे कधी झाले नव्हते. रायफल मी कुमुदच्या हातात दिली तेव्हा नळी अजून गरम होती. तिनं पहिल्यांदा कड्यावरचा आकडा बोटानं चाचपून बघितला.

"सत्तावीसच हाय न्हवं?"

"सत्तावीसच."

मी मागे दुर्बिणीशी बसले. मोठी शांत नेमबाज होती ती, माझ्याहून शांत. पण गोळ्या पांगत होत्या. दहा, दहा, नऊ, दहा, आठ. आठ आला की ती बोल्ट उघडायची, डोळे मिटायची, आणि परत सुरुवात करायची. तिच्या हातून काहीच चुकत नव्हतं, ते मला मागून स्वच्छ दिसत होतं. शेवटच्या गोळीला निदान बरोबरीसाठी दहा हवे होते. दहाच्या रेघेला अगदी खेटून नऊ पडला.

मी दुसरी आले. तिसऱ्या मुलीचे पाचशे चौऱ्याऐंशी होते. कुमुदचे पाचशे त्र्याऐंशी. फळ्यावर चौथं नाव तिचं लागलं आणि त्यापुढं 'राखीव' असं लिहिलं. राखीव म्हणजे तिघींपैकी कुणी गळालं तर. तिच्या सासऱ्यांच्या हिशेबात राखीव बसत नव्हतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. कराड गेल्यावर एकदम म्हणाली, "तुझं झालं ते बरं झालं. निदान सत्तावीस खरं ठरलं. माझ्या गोळ्या फुकट गेल्या न्हाईत." मी तिचा हात हातात घेतला. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, की बघा, मी किती समजूतदार मैत्रीण आहे.

बुधवारी पेढे घेऊन मी दस्तगीर मिस्त्रींकडे गेले. रायफल सफाईसाठी माझ्याकडं होती. कडं काढून मुद्दाम बरोबर नेलं होतं, त्यांना सत्तावीसचा आकडा दाखवायला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, कडं हातात घेऊन फिरवलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ताई, स्क्रू कुठल्या रेघंवर आवळलासा?"

"कुठला स्क्रू?"

"ह्यो की." कड्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं. मी ते आजवर नक्षी समजत होते. "हे वरचं कडं नुसतं आकड्यांचं. वजन आतलं, निराळं. नळीवर चढवलं की शून्य जुळवून घ्यायचं आन् मग ह्यो स्क्रू आवळायचा, म्हंजी दोन्ही संगट फिरत्यात. त्या दिवशी सांगत हुतो तुमास्नी, तर तुमी 'कळलं, कळलं' म्हणून स्कूटर चालू केलासा."

त्यांनी आतल्या वजनावर खडूनं एक रेघ ओढली आणि वरचं कडं गोल फिरवलं. पूर्ण एक फेरा. आकडे सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. खडूची रेघ होती तिथंच राहिली.

"मग एवढे दिवस?" मी विचारलं.

"एवढं दिस नुसतं आकडं फिरलं," ते हसत म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. "पर नंबर आला न्हवं ताई? मग झालं की!"

घरी येऊन मी भिंतीवरची सगळी कार्डं काढून जमिनीवर मांडली. पन्नास नंबर नव्हतेच. एकाच नंबरची पन्नास कार्डं होती. त्यात काही जुडगे लहान होते, काही मोठे, जसे ते पडायचेच. त्यातलं सगळ्यात लहान उचलून मी त्याला नाव दिलं होतं. कारखान्यात उसाच्या रसाचा एक नमुना बाकीच्यांपेक्षा वेगळा आला तर मी हाताखालच्या माणसाला झापते, की परत घे, अजून चार वेळा घे, मग माझ्याकडं ये. आणि इथं मी त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. ते कडं उपयोगी असतं की नसतं, हे मला आजही माहीत नाही. मी ते कधी तपासलंच नाही. तीनशेच्यावर गोळ्या जाळून मी काहीच तपासलं नव्हतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, कुमुदची.

गुरुवारी अर्धी रजा टाकून कागलला गेले. कुमुद शाळेच्या मैदानावर वार्षिक खेळांसाठी फक्कीनं धावण्याच्या रेघा मारत होती. हात कोपरापर्यंत पांढरे.

"हे काय, अचानक? पेढे आणलेस काय?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. स्क्रू, खडूची रेघ, पन्नास कार्डं. मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. ती फक्कीचा डबा हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे सत्तावीस असं काही नव्हतंच."

"नव्हतं."

"मी पुण्याला हात लावून बघितला तो आकडा." ती स्वतःशीच हसल्यासारखं करून थांबली. "थांब जरा. रायफल तीच. कडं तेच. वजन जाग्यावरच. मग तुझ्यात न् माझ्यात फरक कशाचा?"

मी तिनं मारलेल्या फक्कीच्या रेघेकडं बघितलं.

"गोळ्यांचा," तीच म्हणाली. "आणि त्या..."

"हो. निम्म्या तुझ्या होत्या."

"मग हे मला सांगायला कशाला आलीस, उज्जू?" तिचा आवाज चढला नव्हता. "एसटीत बसल्यापासनं मी एकच गोष्ट धरून बसले होते, की गोळ्या वाया गेल्या न्हाईत. सासऱ्यांनाबी मी तेच सांगितलं. तेवढंबी ठेवलं न्हाईस."

मला रडू यायला लागलं. आणि त्या रडण्याच्या भरात मी म्हणाले, "मी माझं नाव काढून घेते. तू राखीव आहेस, तुझं नाव लागेल. राष्ट्रीय स्पर्धेला नावं शनिवारी जाणार आहेत, अजून वेळ आहे."

दाराशी आलेल्या पाहुण्याला आपण 'जेवून जा' म्हणतो, तसंच निघालं ते तोंडातून. कुमुद म्हणेल, 'काहीतरीच काय, वेडी का तू', आणि मग आम्ही दोघी गळ्यात पडून रडू, असं मी मनात धरून चालले होते.

कुमुदनं डबा खाली ठेवला. हात पदराला पुसले.

"खरंच?"

"हो."

"राज्य संघटनेच्या सेक्रेटरींचा नंबर माझ्याकडं हाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत एकदम असं काही आलं की मला तिच्याकडं बघवेना. "हेडमास्तर जेवायला गेल्यात. खोली उघडीच हाय, फोन हाय तिथं. चल."

ती दोन पावलं चाललीसुद्धा. मी जागची हलले नाही.

"आत्ता?" मी म्हणाले.

ती वळली.

"म्हणजे असं एकदम फोनवर... त्यांना कारण सांगावं लागेल. कारखान्यात मी रजा सांगून ठेवलीय, साहेबांनी नोटीस बोर्डावर नाव लावलंय माझं. नीट बोलायला पाहिजे, कुमुद. उद्या सकाळी करते. कारखान्यातून. उद्या नक्की."

मैदानावर कुणी नव्हतं. तिनं हेडमास्तरांच्या खोलीकडं एकदा बघितलं. मग वाकून डबा उचलला.

"बरं," ती म्हणाली. "उद्या कर."

आणि ती राहिलेली रेघ मारायला लागली. मी एसटी स्टँडवर येईपर्यंत एकदाही मागे बघितलं नाही.

शुक्रवारी प्रयोगशाळेत फोन माझ्या टेबलावरच होता. सकाळी मी नमुने तपासले, दुपारी डबा खाल्ला, संध्याकाळी घरी गेले. शनिवारी नावं गेली. राष्ट्रीय स्पर्धेत मी एकोणिसावी आले. कुमुदचा नेमबाजीचा कोट तिच्या नवऱ्यानं मार्चमध्ये क्लबात आणून दिला.

त्यानंतर तीन-चार लग्नांत आमची गाठ पडली. ती नेहमी हसून बोलली, मुलांची चौकशी केली. त्या फोनबद्दल तिनं मला कधीच विचारलं नाही. विचारलंच तर सांगायचं, की दिवसभर लावत होते पण लाइन लागली नाही. ते उत्तर मी शुक्रवारी दुपारीच तयार करून ठेवलं होतं.